पुसलेला घोळका

दुर्बिणीतून आलेली चित्रं साफ करायची, हे त्या दोघींचं काम. नणंदेनंच वशिला लावून भावजयीला त्या खोलीत चिकटवलं होतं. नियम सोपा: आकाशाच्या एकाच तुकड्याची दोन चित्रं शेजारी ठेवायची. ठिपका दोन्हींत दिसला तर खरा. एकातच असला तर आरशावरच्या चमकेचा डाग, पुसून टाकायचा.

पण भावजयीला आपल्या नजरेचा भारी तोरा. "दुसरं चित्र कशाला? डाग मला वासानं कळतो," म्हणायची. एकदा तिचा संगणक अडला. नणंद जेवायला गेलेली, म्हणून ही तिच्या जागेवर बसली. कोपऱ्यात अंधुक लाल ठिपक्यांचा घोळका. एवढी दाटी? डागच! दुसरं चित्र न बघता पुसून मोकळी.

पुढे संशोधक बाई तणतणत आल्या. "अहो, त्या दीर्घिका होत्या! विश्व नुकतं रांगायला लागलं तेव्हाच्या. द्रव्य जिथं जरा जास्त, तिथंच आणखी ओढलं गेलं आणि दीर्घिकांचे समूह जमायला लागले. एवढ्या युगांनी तो उजेड इथवर आला, आणि आपण पुसला! मूळ चित्र जपलेलं होतं म्हणून वाचलो. ही जागा कोणाची?"

"माझी," नणंद म्हणाली. "पुसल्याचं आठवत नाही. पण डोळेच गेले असतील, काय सांगू?"

भावजय शेजारीच उभी, मूग गिळून.

विश्वाची रीतच मेली अशी: ज्याच्याकडे जास्त, त्याच्याकडेच आणखी ओढलं जातं. नणंद गेली कोठारात खोकी लावायला. तिची चित्रं आली भावजयीकडे, वर शाबासकी.

घरी नणंदेनं सुईदोरा सोडला. जिना उतरताना भावजयीचा हात धरायला लागली. त्या हाताचा हिला चटका बसायचा. रोज सकाळी औषधाची बाटली पुढे यायची: "वाच गं, किती घ्यायचं. माझ्या डोळ्यांचा काय भरवसा!"

एके दिवशी भावजय बाटली घेऊन नुसतीच उभी राहिली.

"का गं, तुलाही दिसेना?"

"वन्सं, तो घोळका मी पुसला. तुमच्या जागेवर बसून. तुमचे डोळे ठणठणीत आहेत."

नणंदेनं बाटली हिसकावली. खिडकीपाशी गेली, हात लांब करून वाचली. अडखळत, पण सगळी.

"चल. बाईंसमोर हेच बोलायचं. एक अक्षर कमी नाही."

जिन्यात भावजयीनं सवयीनं हात पुढे केला. नणंद तो न धरताच उतरली.