उतारावरचा नंदी

मला लिहिण्याची सवय नाही. नोकरीत होतो तेव्हा रजेचा अर्जसुद्धा शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून लिहून घ्यायचो. त्यामुळे हे नीट जमेल की नाही, सांगता येत नाही. पण आमच्या समोरच्या घरातल्या कुसुमताईंबद्दल कोणीतरी लिहायला हवं असं फार दिवसांपासून वाटतं.

कुसुमताईंनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. सातवी-आठवीची पोरं. गती, बल, घर्षण, ऊर्जा हे त्यांचे आवडते धडे. कॅरमच्या सोंगट्यांची चळत लावून खालची सोंगटी स्ट्रायकरने उडवायच्या. वरच्या सोंगट्या जागच्या जागी खाली बसायच्या आणि पोरं टाळ्या वाजवायची. मग बाई म्हणायच्या, "थांबलेली वस्तू आपणहून हलत नाही. आणि चालती वस्तू आपणहून थांबत नाही. कोणालातरी तिला थांबवावं लागते."

पोरांनी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. बाईंच्या मात्र ते अंगात भिनलं. कोराडीच्या वीजकेंद्राकडे जाणारा कोळशाचा ट्रक लांब दिसला तरी त्या रस्ता ओलांडत नसत. बसमध्ये जागा मिळाली तरी दांडा सोडत नसत. निवृत्त झाल्यावर हे वाढलं. ई-रिक्षावाल्याला त्या इतक्या वेळा "हळू" म्हणायच्या की चौकातले रिक्षावाले त्यांना पाहून दुसरीकडे बघायचे. गल्लीत त्यांचं नाव "ब्रेकवाल्या मॅडम" पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं.

आमच्या गल्लीत रुपरावजींच्या घरचा लाकडी नंदी आहे. सागवानाचा, माणसाच्या उंचीचा, चाकांच्या गाड्यावर उभा. त्यांच्या वडिलांनी करवून घेतलेला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं आपापले लहान लाकडी बैल घेऊन निघतात आणि सगळ्यांच्या पुढे हा नंदी असतो. त्याची जुनी लाकडी चाकं एवढी जड फिरायची की गल्लीतले सगळे बाप्ये लागायचे. करकर आवाज पार पलीकडच्या वस्तीत जायचा.

या वर्षी मुकुंदने त्याला लोखंडी चाकं बसवली, बेअरिंगची. मुकुंद सुतारकाम करतो, बाईंचाच विद्यार्थी. पोरांनाही ओढता यावा, एवढाच त्याचा हेतू. त्याने सगळ्यांसमोर एका हाताने नंदी ढकलला आणि एवढं मोठं धूड आवाज न करता अंगणभर सरकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुसुमताईंनी वाजवल्या नाहीत.

"ढकलायले सोपं झालं म्हणजे थांबवायले कठीण झालं, रुपरावजी," त्या म्हणाल्या.

रुपरावजी हसले. "ताई, लाकडाचा बैल आहे. उधळत नाही तो."

भीती उताराची होती. मिरवणूक रेल्वेपुलाखालच्या रस्त्याने पलीकडच्या मैदानात जाते. त्या पुलाखाली उतरताना चांगलाच उतार आहे. आजवर जुनी चाकंच ब्रेकचं काम करत होती, हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. आणि या वर्षी पुढचा दोर धरणार होती रुपरावजींची नात वैभवी आणि तिच्या मैत्रिणी.

दुपारी बाई माझ्या ओसरीवर आल्या, हातात पाट आणि वरवंटा. पाट तिरपा ठेवून त्यावर टॉवेल अंथरला; वरवंटा जेमतेम सरकला. टॉवेल काढला, तर तो गडगडत फाटकापर्यंत गेला. मग त्याला सुतळी बांधली आणि वरून धरून अलगद खाली सोडला. "मागून दोर पाहिजे," त्या म्हणाल्या. "वजन तेवढंच आहे, उतार तोच आहे. धरणारं काही उरलं नाही. तुम्ही सांगा ना त्यांना."

मी गेलो. मला चार माणसांत बोलता येत नाही, तरी गेलो. रुपरावजींनी ऐकून घेतलं, चहा दिला, पण ते नाही म्हणाले. नंदीच्या मागे दोर बांधायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. नंदी मागे ओढला तर घर मागे जातं, असं त्यांचे वडील सांगायचे. मी परत येऊन बाईंना तसं सांगितलं.

पोळ्यापर्यंत बाई धड जेवल्या नाहीत. त्यांची सून कामिनी मला विचारत होती, डॉक्टरकडे न्यायचं का?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरं नटून आली. नंदीच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल. सपाट रस्त्यावर मुलींनी तो सहज ओढत नेला. बाई माझ्या शेजारून चालत होत्या आणि त्यांची नजर सारखी दोरावर होती. रेल्वेचा पूल दिसू लागला तशी त्यांनी माझी बाही धरली.

रस्ता जरासा कलला. तेवढ्यात वैभवीने मागे वळून हसत सांगितलं, "आबा, हा आपोआपच येऊन राहिला!"

दोर ढिला पडला होता.

"दोर सोडा! बाजूला व्हा!" कुसुमताईंचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाकीच्या मुली पळाल्या. वैभवीच्या हाताला दोराचा वेढा होता. बाप्ये नंदीच्या पायांना, शेपटीला लटकले. त्यांच्या चपला घासत गेल्या, तरी तो थांबेना. वैभवी पडली. मी डोळे मिटले.

खडकन आवाज आला. पुढचं चाक नालीच्या लोखंडी जाळीत अडकलं होतं. गाड्याची पुढची कड वैभवीच्या डोक्यापाशी आली होती, हात घातला असता तर मध्ये मावला नसता. तिचा गुडघा सोलला होता, बाकी काही नाही. मुकुंदने तिला ओढून काढलं आणि चाकाखाली दगड सरकवले.

रुपरावजी रस्त्यातच खाली बसले. बाईंनी "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. त्या रुपरावजींजवळ गेल्या.

"नंदीचं तोंड आपल्याकडे फिरवा. दोर पुढचाच राहू द्या. आपण वर उभं राहू, तो खाली उतरेल."

"उलटा, ताई?"

"उलटा. पण त्याले मागं कोणीच ओढणार नाही. आपण पुढंच ओढत राहू."

रुपरावजींनी नंदीकडे पाहिलं. मग उठले आणि त्यांनीच पहिल्यांदा दोर धरला.

पोरांना दूर फुटपाथवर उभं केलं, चाक जाळीतून काढलं आणि दगड लावत लावत नंदी फिरवला. आम्ही सगळ्यांनी दोर धरला, कुसुमताईंनीही. नंदी आमच्याकडे तोंड करून एकेक वीत खाली जाऊ लागला. दोर तळव्यांत रुतत होता. वरून मालगाडी धडधडत गेली आणि आमच्यातला कोणीतरी "देवा" म्हणाला. बाई सारख्या विचारत होत्या, "ताणलेला आहे ना?" मी म्हणायचो, "आहे." थोड्या वेळाने पुन्हा तेच.

नंदी तळाला सपाटीवर टेकला. मुकुंदने चाकांना दगड लावले. सगळ्यांनी दोर सोडला, फक्त बाईंनी सोडला नाही. त्यांची बोटं उघडतच नव्हती. वैभवी लंगडत खाली आली, त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि एकेक बोट मोकळं करू लागली.

"आजी, झालं आता. थांबला तो."

कुसुमताई समोरच्या चढाकडे पाहत होत्या.

"परत येताना तिकडचा उतार लागेल," त्या म्हणाल्या.

या वेळी कोणी हसलं नाही. रुपरावजींनी दोराचं मोकळं टोक गुंडाळलं आणि ते आपल्या खांद्यावर घेतलं.