मेल्यानंतरचं शूटिंग

आमच्या मालिकेचं तिसरं पर्व सुरू होतं. पहिल्या पर्वात मी सुनांचा छळ करणारी सासू होते. दुसऱ्यात चॅनेलला भुताटकी हवी झाली, म्हणून केस सोडून माळ्यावर फिरले. मध्येच विनोदी ट्रॅक आला, तेव्हा तीच सासू पंजाबी ड्रेस घालून स्कूटर शिकली. लोक म्हणायचे, दर वेळी काहीतरी नवीन असतं बघा. असेल. मला मात्र कोल्हापूरबाहेरचा तोच बंगला, तोच जिना आणि मानेला टोचणारा तोच जरीचा पदर.

मला सुटायचं होतं. इतकी वर्षं नाटकांत मी कुणाची तरी आई नाहीतर मावशी. आता पहिल्यांदाच अख्खं नाटक पेलणाऱ्या बाईची भूमिका मिळाली होती, तालमीही शिवाजी पेठेत, घरापासून चालत. पण करार असा की मालिकेतलं माझं काम संपल्याशिवाय दुसरं काही करायचं नाही. मी मालिकेच्या दिग्दर्शकाच्या मागेच लागले. म्हटलं, मारा मला एकदाचं.

"मारतो की," तो म्हणाला. "न्हायतरी आता डिटेक्टिव्ह ट्रॅकच लावायचाय."

माझा खून झाला. मी सेटवर पेढे वाटले. शेजारीण दारातूनच ओरडली, "काकू, कुणी मारलं वो तुम्हास्नी?"

खुनी कोण हे मलाही माहीत नव्हतं, आणि तिथंच मी फसले. संशय घरातल्या प्रत्येकावर. थोरल्या सुनेच्या जबाबात मी खाष्ट, धाकटीच्या जबाबात प्रेमळ, गड्याच्या जबाबात चक्क चोरटी. फ्लॅशबॅकमधल्या या सगळ्या बायका मीच करायच्या, शिवाय हॉलमधलं प्रेतही मीच. जिवंत होते तेव्हा अधूनमधून सुट्टी तरी मिळायची. दिग्दर्शकाला विचारलं, तर म्हणाला, "खुनी घावल्याबिगर तुमचं काम संपतंय व्हय?" प्रेक्षक खूश होते, त्यामुळे खुनी सापडायची कुणालाच घाई नव्हती.

नाटकवाले बिचारे थांबले तेवढे थांबले. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. भूमिका दुसरीला दिली होती. "बरं केलंत," म्हटलं, फोन ठेवला आणि हॉलमध्ये जाऊन फरशीवर आडवी झाले. क्लोजअप होता. कॅमेरामनने मध्येच शॉट थांबवला.

"काकू, डोळ्यांतनं पाणी येतंय. मेलायसा की तुम्ही!"