पट्ट्याचा वास घेणाऱ्या रामटेके बाई

रामटेके बाई गाडीचा रबरी पट्टा हातात घेतला की आधी नाकाशी न्यायच्या. मग तो उलटा वाकवून आतल्या दातांवरून अंगठ्याचं नख फिरवायच्या, एकेक दात, पूर्ण फेरी. मधे कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. समोर ताटकळलेला ड्रायव्हर रामसजीवन म्हणायचा, "बहिनजी, पट्टा देख रही हैं कि बहू?" बाई मान वर न करता म्हणायच्या, "बहू तो बता देगी कहाँ दुखता है. ये नहीं बताएगा."

लखनौहून मलिहाबादकडे जाताना आमचं सरकारी आंबा संशोधन केंद्र होतं. नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथे तांत्रिक सहायक म्हणून लागलो, तेव्हा बाई स्टोअरकीपर होत्या. मूळच्या भंडाऱ्याच्या. नवरा केंद्रातच ड्रायव्हर होता. तो गेल्यावर त्यांना नोकरी मिळाली. शिक्षण आठवी. आता त्या जाऊन बरीच वर्षं झाली, पण पट्टा म्हटलं की मला त्यांचा अंगठा दिसतो.

केंद्राला परदेशी मदतीतून एक उघडी, चार चाकांची छोटी गाडी मिळाली होती. झाडांच्या ओळींतून, चिखलातून फवारणीचे ड्रम नेणारी. तिला गिअर नव्हते. रेस दिली की दोन कप्प्यांमधला रबरी पट्टा आवळला जायचा आणि गाडी निघायची. रेस सोडली की पट्टा सैल पडून गाडी थांबायची. पट्टे सोबत तीनच आले होते. बाजारात तसाच दिसणारा पट्टा मी दोनदा आणला आणि बाईंनी दोन्ही वेळा परत पाठवला. "लांबी जुळली जी, पण रुंदी पाहा. हा कप्पीत खाली बसते. घसरन, तापन, तुटन." नवे पट्टे त्या खिळ्याला टांगू देत नसत, पुठ्ठ्यात आडवे, उन्हापासून आणि वेल्डिंगच्या मशिनपासून लांब.

बाई भित्र्या होत्या आणि ते लपवत नसत. विजेला भ्यायच्या, ऑडिटला भ्यायच्या, डायरेक्टर साहेबांच्या नुसत्या घंटीला भ्यायच्या. प्रत्येक गोष्ट तीनदा विचारायच्या आणि वर सांगायच्या, "मले भेव लागते न जी, म्हणून इचारते." ऑफिसात त्यावर हसत. मीही हसायचो.

खरं म्हणजे मी त्यांच्याहून जास्त भ्यायलेला होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील पुलगावला पिठाच्या गिरणीत कामाला. पदवीचा मला अभिमान होता, आजही आहे. पण कुणी काही विचारेल आणि मला ते येत नसेल, या धास्तीनं माझे तळहात दिवसभर ओले असायचे. गाडीचं जाड इंग्रजी पुस्तक माझ्याच टेबलावर होतं. मी ते कधी पुरतं वाचलं नाही. वाचताना कुणी पाहिलं तर वाटेल, याला येत नाही.

एकदा बागेत पाणी सोडलेलं असताना गाडी खोल पाण्यातून गेली आणि पट्टा भिजून घसरायला लागला. दुसऱ्या दिवशी नहरेपलीकडच्या, म्हणजे कालव्यापलीकडच्या, तुकड्यात फवारणी ठरलेली. बाई म्हणाल्या, "झाकण उघडा, पट्टा साबणाच्या पाण्यानं धुवा, कप्प्या पुसा, वाळू द्या. उद्या दुपारी बसवू." मला सकाळीच गाडी हवी होती. आणि मला एक उपाय माहीत होता. गिरणीचा पट्टा घसरला की वडील त्यावर राळ घासायचे. पट्टा चिकटून धरायचा. मी मलिहाबादच्या बाजारातून राळ आणली, कुटली, आणि पट्ट्याच्या दोन्ही कडांना चोळली. कुणाला सांगितलं नाही.

सकाळी बाईंनी विचारलं, "पट्ट्याले काही लावलं का, साहेब?"

"नाही."

"तेल, पावडर, काहीच नाही?"

"बाई, मी इंजिनिअरिंग शिकलोय."

"हो जी. भेव लागते, म्हणून इचारलं."

रामसजीवन गाडीवर बसला, औषध मोजून द्यायला शेजारी बाई, मागे औषधाचे ड्रम. मी पायी मागून निघालो. पट्टा गार होता तोवर गाडी छान पळाली. नहरेच्या अलीकडे वळण होतं. तिथे रामसजीवननं रेस सोडली आणि गाडी थांबली नाही. तापलेली राळ चिकट झाली होती. पट्टा कप्पी सोडेना. "छोड़ नहीं रही, बहिनजी, छोड़ नहीं रही," तो ओरडत होता. ब्रेक दाबलेला, तरी इंजिन मागून ढकलतच होतं. झाकणाखालून धूर निघाला. मी पळत होतो आणि मला कळत होतं की पोचणार नाही. पुढची दोन्ही चाकं काठाच्या मातीत उतरली, तेव्हा बाईंनी आडवा हात घालून चावी बंद केली.

नहर भरून वाहत होती. दोघांनाही पोहता येत नव्हतं.

गाडी वर्कशॉपला ओढून आणल्यावर बाईंनी पट्टा काढायला लावला. नाकाशी नेला. माझ्याकडे पाहिलं.

दुपारी कळलं, डायरेक्टर साहेबांनी रामसजीवनला बोलावलंय. निष्काळजीपणे गाडी चालवली म्हणून. तो रोजंदारीवर होता. एका शब्दात घरी गेला असता. मी परिवीक्षेवर होतो, अजून कायम झालो नव्हतो, माझंही तसंच. वडिलांनी गिरणीत सगळ्यांना पेढे वाटले होते. मी स्टोअरमध्ये जाऊन उभा राहिलो.

"बाई, तुम्ही सांगणार?"

"काय सांगू? मी सांगितलं तर चुगली. तुम्ही सांगितलं तर रिपोर्ट."

"नोकरी गेली तर?"

"जाऊ शकते," बाई म्हणाल्या. खोटा धीर त्यांना देता येत नसे. मग त्यांनी स्टोअरला कुलूप घातलं. "चला. मी बाहेर बाकावर बसते. मले पण भेव लागून राहिलं."

केबिनमध्ये मी राळेचं सांगितलं. निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत सांगितलं. साहेबांना 'राळ' कळेना. रामसजीवन शेजारी उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बिरोजा, साहब." म्हणजे माझा गुन्हा मला नीट सांगायला त्यानंच मदत केली. मला मेमो मिळाला, परिवीक्षा वर्षभर वाढली. रामसजीवन राहिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शेवटचा नवा पट्टा काढला. वास, नख, पूर्ण फेरी. मग पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "वाचा. मोठ्यानं. मले इंग्रजी येत नाही." मी वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो: कप्प्या धुवा, कोरड्या करा, नवा पट्टा पहिले काही तास ओझ्याशिवाय चालवा, एकाच वेगानं नको. बाई मान हलवत होत्या. यातलं निम्मं त्यांना चित्रांवरून आधीच माहीत होतं.

पट्टा बसल्यावर रामसजीवन पुढे झाला, तर बाई म्हणाल्या, "आज साहेब चालवतील. नहरेपर्यंत."

मी बसलो. चावी धरण्याआधी ओले तळहात मी सगळ्यांसमोर पँटला पुसले. बाईंनी ते पाहिलं. काल ज्या गाडीनं त्यांना पाण्याच्या काठापर्यंत नेलं होतं, तिला वळसा घालून त्या आल्या, पदर खोचला आणि माझ्या शेजारी बसल्या. कडेची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"हळू घ्या, साहेब," त्या म्हणाल्या.