काकासमोर विचारलेला प्रश्न

मुलांच्या निवासी संस्थेत मी समाजसेविका. माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागलेली एक सहकारी होती, वयानं माझ्या पुतणीएवढी. मुलं तिच्याभोवती गोळा व्हायची. माझ्याकडे आली की सरळ उभी राहायची. हे मला सलायचं. आजवर कुणाजवळ बोलले नाही.

हुपरीची एक मुलगी आमच्याकडे आली. आई वारलेली. काकाच्या घरी शाळा बुडवून चांदीच्या पैंजणाच्या कड्या आचेवर जोडायला बसवत होते. माझ्यापुढे ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसे. माझ्या सहकारीपाशी मात्र वेणी घालून घेताना तोंड चालूच. मी दारात आले की गप्प.

काकानं पोरीला परत मागितलं. अशा वेळी मुलाला एकटं बसवून विचारायचं आणि ते बालकल्याण समितीला कळवायचं, ही आमची रीत. विचारणार कोण, हे उघडच होतं. म्हणून विचारायच्या दिवशीच मी सहकारीला चंदगडला गृहभेटीला धाडलं. मुसळधार पाऊस, एसटीचा भरवसा नाही. ती संध्याकाळशिवाय परतत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

मुलगी माझ्याशी बोलेना. तेवढ्यात काका आला आणि मी त्याला बाहेर थांबा म्हटलं नाही. खुर्ची दिली.

"पोरीलाच इचारा की बाई," तो म्हणाला. "येतीस न्हवं गं घरी?"

"व्हय," ती म्हणाली.

मुलगी राजी आहे, असं मी समितीला सांगितलं आणि समितीनं तिला काकाकडे सोपवलं. माझ्याशी बोलली एकदाची, याचा आनंद झाला होता मला.

दिवाळीनंतर तिला परत आणलं तेव्हा बोटांची टोकं भाजलेली होती. सहकारी स्वयंपाकघरात जाऊन हमसून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुलीला भाकरी खायला लावताना तिची थट्टा करत होती. रडून मोकळं होणं हिला जमतं कसं, याचाही मला हेवा वाटला. मला रडू येत नव्हतं.

शेवटी डबा खाता खाता मी तिला म्हटलं, "तुला मी मुद्दाम चंदगडला पाठवलं होतं."

"ठाऊक हाय, ताई." तिनं लोणच्याची फोड माझ्या डब्यात ठेवली. "पण एकटीला विचारलं असतं, तर तुमालाबी सांगितलं असतं तिनं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

समितीपुढे मी घडलं ते सांगितलं. मुलीला पुन्हा विचारायचं ठरलं. या वेळी सहकारीनंच विचारावं, असं मीच सुचवलं. काका आला होता, त्याला घेऊन मी पार फाटकापाशी जाऊन बसले. खिडकीतून दोघींचं हसणं ऐकू आलं. पोर हसते आहे, मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी जळलंच.