डॉक्टर म्हणाले, तेल बंद

"न्यूमोनिया आहे," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या तान्ह्या लेकीच्या छातीवरचा स्टेथोस्कोप उचलला. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाला सूज, श्वास घ्यायला कष्ट पडतात. एवढंही त्यांनी सांगितलं नाही, ते मला नंतर कळलं. औषध लिहून दिलं, "तेल बंद करा" म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

सत्तरचं दशक होतं. कामरगावहून एसटीने कारंजाला यायचं, बाकड्यावर दुपार घालवायची आणि असे दोन शब्द घेऊन परत जायचं. आजही कित्येक नव्या आया तसंच करतात, म्हणून हे लिहिते आहे.

बाळंतीण खाते तेच दुधातून लेकराला लागतं, असं आमच्याकडे सगळेच मानत. त्यामुळे सासूबाईंनी माझं तेल बंद केलं. बिनफोडणीचं वरण आणि कोरडी भाकर पुढ्यात ठेवून म्हणायच्या, "डाक्टरनं सांगतलं ना, मंग खाय गुपचाप." मी चरफडत गिळायची.

इकडे लेकीची मालिश रोजच्यासारखी चालू होती. पसरलेल्या पायांवर लेकरू, कोमट तिळाचं तेल, आणि शेवटी दोन्ही नाकपुड्यांत तेलाचे थेंब. "नाक मोकयं राह्यते," सासूबाई म्हणायच्या.

लेक सुधारेना. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. एका सकाळी मालिशीनंतर खोकता खोकता तिचे ओठ निळे पडले, तशी आम्ही तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑक्सिजनची नळी लावली. एक्स-रे, म्हणजे छातीचा फोटो काढला. कशासाठी, पुढे काय, कोणी सांगेना. जो येई तो "थांबा" म्हणे. ती हातची जाते की काय या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता आणि थांबा ऐकून ऐकून डोकं उठलं होतं.

शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "नाकात तेल घालता?"

"रोजच घालतो. काहून?" सासूबाई म्हणाल्या.

"ते फुप्फुसात गेलंय. याला ॲस्पिरेशन न्यूमोनिया म्हणतात. श्वासाच्या वाटेने भलतंच आत गेलं की होतो. तेल बंद करायला कोणी सांगितलं नाही?"

"सांगतलं ना." सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तवापासून हिले तेलाचा थेंब नाई देला."

बाईंना उलगडा झाल्यावर हसू आलं. मला आलं नाही. पहिल्या डॉक्टरांचं आणखी दोन शब्द बोलायला काय जात होतं?

लेक हळूहळू सावरली. निघताना मी विचारलं, आता मालिश कायमची बंद का?

"मालिश कशाला बंद?" बाई म्हणाल्या. "पूर्ण बरी झाली की करा. लेकरू शांत झोपतं, पोटातला वायू सुटतो, आपल्या माणसाचा हात कळतो. फक्त दूध पाजल्यावर लगेच नको, जोर लावू नका, आणि नाका-कानात तेल अजिबात नको."

ती पुरती बरी झाल्यावर सासूबाईंनी पुन्हा पाय पसरले. पावलांपासून वर, मग पोटावरून हलक्या हाताने गोल. लेकीने मजेत आळस दिला. शेवटी सवयीने वाटीत बोटं बुडवून त्यांचा हात लेकीच्या नाकाशी गेला आणि थांबला. ते तेल त्यांनी स्वतःच्याच गुडघ्याला चोळलं.

"मले कोनी धड सांगतलं असतं," त्या खाली बघत म्हणाल्या, "तं मी कायले टाकलं असतं वं?"

त्यांच्यावरचा माझा राग तिथेच संपला. डॉक्टरांवरचा अजून आहे. दवाखान्यात कोणी काही बंद करा म्हणालं की मी उठत नाही. काय बंद, कोणाचं बंद, विचारत बसते. मागची रांग ओरडते. ओरडू देते.