रजा इतक्या सहज कशी मिळाली?

मंडळी, आज ऑफिसात घडलेलं काही केल्या पचत नाहीये.

डिसेंबरात इथे सौदीत यान्बूहून गाडी काढून वादी दिसाहची अरुंद घळ बघायचं आम्ही तिघा मित्रांनी ठरवलंय. म्हणून आज मॅनेजरकडे चार दिवसांची रजा मागितली.

एरवी एका दिवसासाठी कुरकुर करणारा माणूस चक्क हसला. "चार कशाला? दहा दिवस घे. फक्त जाण्याआधी फहदला तुझं सगळं काम शिकव."

फहद आमचा नवा सौदी सहकारी. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायचं हे सौदीकरण सुरू झाल्यापासून आमचे दोघेजण असंच काम शिकवून कायमचे गावी गेलेत.

मी म्हणालो, "मग रजाच नको."

"ठीक आहे. शिकवायला उद्यापासूनच सुरुवात कर."

खरं सांगा, इथे राहायचा परवाना, म्हणजे इकामा, आहे तोवर घळ बघून यावी का?