काला अंबची तालीम

संक्रांतीच्या सकाळी दिल्ली सोडली तेव्हा काचेबाहेर काहीच नव्हतं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे धुक्यात तरंगत होते, आणि बाबा त्यांच्या मागे अशा विश्वासानं चालले होते, जणू तो ट्रकही काला अंबलाच निघाला होता. संक्रांतीच्या लढाईत तिथे पडलेल्या मराठ्यांना नमस्कार करायला दरवर्षी आम्ही दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या बसनं जायचो. त्या वर्षी आईनं हट्ट धरला, आपण तिघंच पुढे जाऊ.

कारण तिच्या पर्समध्ये होतं. फ्लॅटचं मृत्युपत्र तिनं दिवाळीनंतरच उरकलं होतं, त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. आता दुसरा कागद होता, लिव्हिंग विल. बरं होण्याची आशा संपली आणि आपल्याला बोलताही येत नसलं, तर यंत्रांवर ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवायचं. त्यावर साक्षीदार आणि गॅझेटेड अधिकाऱ्याची सही लागते. आमच्या कॉलनीत असे अधिकारी पायलीचे पन्नास. अडलं होतं ते वेगळ्याच ओळीवर: वेळ आली की डॉक्टरांना हे सांगणार कोण? बाबांनी साफ नकार दिला होता. उरले मी.

यात अवघड काय, असं मला वाटत होतं. मी अक्षरं शिकले ती बाबांच्या कर्मचारी संघटनेच्या पत्रकांवरून. ‘हक्क’ हा शब्द मला ‘हत्ती’च्या आधी वाचता आला. सह्यांच्या मोहिमेत बाबा फुटपाथवर वाकून उभे राहायचे आणि लोक त्यांच्या पाठीवर कागद ठेवून सही करायचे. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. मावशीला शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे हात पलंगाच्या दांडीला बांधलेले होते, नळी ओढू नये म्हणून. त्यानंतर सन्मानानं मरण्याच्या हक्कावर मी जे पत्रक लिहून दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावर वाटलं, त्यातला एक शब्दही आज बदलणार नाही.

काला अंबला पोचलो तेव्हा स्मारकाचा विटांचा खांब धुक्यात अर्धाच होता. वरचा कुणीतरी पुसून टाकल्यासारखा. आठवतं तेव्हा वाटतं, ती सकाळ पाण्याखालीच घडली. आईनं कुंपणापाशी तिळगूळ ठेवला.

“इथे एवढी माणसं गेली. कुणाला विचारलं होतं, कसं जायचंय? मला विचारताहेत, तर मी सांगणार. चलो, तालीम!”

गणपतीतली नाटकं आईच बसवायची. हा शब्द आला की आम्ही दोघं आपोआप सरळ उभे राहतो.

“अहो, तुम्ही डॉक्टर.”

“मी?”

“आयुष्यभर अधिकाऱ्यांशी भांडलात. आता एकदा अधिकारी व्हा.” आणि ती बाकावर डोळे मिटून आडवी झाली.

बाबांनी मफलर स्टेथोस्कोपसारखा गळ्यात सोडला. “मॅडम, पेशंट की हालत ठीक नहीं है. व्हेंटिलेटर लगाएँ?”

“नको,” मी म्हणाले.

“ऐकू आलं नाही,” बाकावरून आवाज आला. “शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. मोर्चात कशी ओरडतेस?”

“डॉक्टर, नको. तिनं लिहून ठेवलंय.”

“एक बार ट्राय करते हैं. चान्स बिल्कुलच नाही असं कुठंय? बघू ना थोडे दिवस.” हिंदीतून मराठीत आपण कधी आलो, हे बाबांना कळलं नाही. मफलरचा त्यांच्या मुठीत गोळा झाला होता. “एकच दिवस. अगं, एक दिवस तरी.”

“हे संहितेत नाही,” आई म्हणाली. डोळे मात्र तिनं मिटलेलेच ठेवले.

माझ्या पत्रकांत समोरच्या बाजूला सरकार असायचं, इस्पितळ असायचं. मफलर चुरगाळणारं आपलं माणूस कधीच नसायचं. त्याला द्यायला माझ्याकडे घोषणा नव्हती.

“बाबा,” मी म्हणाले, “तिचे हात बांधलेले नसतील. तुम्हाला धरून बसता येईल.”

त्यांनी मुठीतला मफलर सोडवून पुन्हा गळ्यात घातला. मग मीच परत सांगितलं, “डॉक्टर, नको.” या वेळी आवाज कुंपणापलीकडे गेला आणि तिथून कसलेसे पक्षी उडाले; दिसले नाहीत, नुसते पंख ऐकू आले.

“पोचलं,” आई उठून बसली. पर्समधून तिनं कागद काढला, पेन काढलं, आणि टेकवायला जागा शोधू लागली. बाक दवानं ओला होता.

बाबांनी माझ्याकडे पाठ केली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले. मी कागद त्यांच्या स्वेटरवर पसरला आणि त्या ओळीवर माझं नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडंतिकडं आलं. त्यांची पाठ हलत होती.